मुदत आणि विश्वास

लोकसभेची निवडणूक किती वर्षांनी होते, असे विचारले तर तुम्ही लगेच म्हणाल, "पाच वर्षांनी." हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे.

रत्नागिरीचेच उदाहरण पाहा. १९९६, १९९८ आणि १९९९ अशा तीन वेळा, साडेतीन वर्षांच्या आत, येथील मतदारांनी लोकसभेसाठी मतदान केले. तिन्ही वेळा अनंत गीते हेच निवडून आले. मग पुन्हा पुन्हा निवडणूक कशासाठी? त्याचे कारण दिल्लीत होते.

भारतात संसदीय लोकशाही आहे. आपण खासदार निवडतो. लोकसभेतील बहुमताचा पाठिंबा ज्यांना असतो, ते पंतप्रधान होतात. हा पाठिंबा गेला की सरकारही जाते. दुसऱ्या कोणाला बहुमत जमवता आले नाही, तर लोकसभा विसर्जित होते. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकारच्या बाजूने २६९ आणि विरुद्ध २७० मते पडली. केवळ एका मताने सरकार पडले! म्हणून पाच वर्षे ही लोकसभेची जास्तीत जास्त मुदत समजावी.

अमेरिकेत अध्यक्षीय लोकशाही आहे. तेथे अध्यक्षांची निवडणूक दर चार वर्षांनीच होते. १९४५ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांचे निधन झाले, तरी निवडणूक झाली नाही. उपाध्यक्ष ट्रुमन अध्यक्ष झाले. पुढची निवडणूक ठरल्याप्रमाणे १९४८ मध्ये झाली. अध्यक्षांना महाभियोगाने दूर करता येते. पण त्यासाठी सिनेटमध्ये दोन तृतीयांश मते लागतात. फेब्रुवारी १९९९ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्याविरुद्ध तेवढी मते पडली नाहीत. त्यांनी मुदत पूर्ण केली.

यांपैकी कोणती पद्धत चांगली? डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव आंबडवे रत्नागिरी जिल्ह्यातच आहे. १९४८ मध्ये त्यांनी संविधान सभेत हा प्रश्न मांडला. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य अधिक असते. संसदीय पद्धतीत सरकारला रोज जाब द्यावा लागतो. स्थैर्यापेक्षा जबाबदारी महत्त्वाची, असे मानून आपण संसदीय पद्धत निवडली.

वारंवार निवडणुका झाल्या की खर्च वाढतो, हे खरे. पण विश्वास गमावलेले सरकार मुदत संपेपर्यंत सहन करणे, हीसुद्धा एक किंमतच आहे. अठरा वर्षांचे झाल्यावर मत देताना हा विचार जरूर करा.

शब्दार्थ : मुदत – ठरलेला काळ, विसर्जित होणे – मुदतीपूर्वी संपणे, स्थैर्य – टिकून राहणे, जाब – केलेल्या कामाबद्दल द्यावे लागणारे उत्तर.

स्वाध्याय : १९९९ मध्ये वाजपेयी सरकार पडले, पण क्लिंटन पदावर राहिले. असे का झाले?