मुंग्या आणि रिपोर्ट

चि. निखिल,


विषाणू गेला तर पायांतल्या मुंग्या का जात नाहीत, रिपोर्टच खोटा असेल का, असं तू परवा फोनवर विचारलंस. हे नीट लिहून सांगायला हवं असं मला वाटलं. इतकी वर्षं वॉर्डात काढली, त्यामुळे ही भीती माझ्या ओळखीची आहे.

रिपोर्ट खोटा नाही. गोळ्या संपून बारा आठवडे झाल्यावरही आरएनए चाचणीत विषाणू सापडला नाही, म्हणजे हेपटायटिस सी बरा झाला. अँटिबॉडीची चाचणी मात्र पुढेही पॉझिटिव्ह येत राहील. नोकरीच्या तपासणीत कुणी त्यावरून घाबरवलं तर आरएनएचा कागद दाखव. आणि स्वतःला दोष देणं थांबव. लहानपणी ऑपरेशनच्या वेळी तुला रक्त चढवलं होतं, तेव्हा आपल्याकडे रक्तपेढीत ही चाचणी सक्तीची नव्हती. ती 2001 मध्ये झाली.

आता मुंग्यांचं. विषाणूशी वर्षानुवर्षं झगडताना काहींच्या रक्तात क्रायोग्लोब्युलिन नावाची प्रथिनं तयार होतात. नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना त्यांच्यामुळे सूज येते आणि नसा उपाशी राहतात. सगळ्यात लांब नसा पायांच्या, म्हणून कालव्याच्या टेलच्या शेतासारखी झळ आधी तळपायांना बसते. विषाणू गेला तरी ही प्रथिनं काही जणांत रेंगाळतात. शिवाय नस भरून येते ती साधारण दिवसाला मिलिमीटरभर. म्हणून हिशोब महिन्यांचा ठेव, आठवड्यांचा नको. काहींचा थोडा बधिरपणा कायम राहतो, हेही तुझ्यापासून लपवत नाही.

पण सगळं खापर जुन्या आजारावर फोडून बसू नकोस. साखर, थायरॉइड आणि बी-12 तपासून घे. आपलं घर शाकाहारी, त्यामुळे बी-12 कमी निघण्याची शक्यता बरीच. मात्र दुकानातून 'नसांच्या ताकदीच्या' गोळ्या मनाने आणू नकोस. बी-6 जास्त काळ जास्त प्रमाणात घेतलं तर त्यानेच नसा बिघडतात. भस्मं, काढेही नकोत, यकृताने पुष्कळ सोसलंय. दारू तर नाहीच. नसांची एनसीव्ही तपासणी नॉर्मल आली तरी 'मनाचे खेळ' म्हणून गप्प बसू नकोस. अगदी बारीक नसांचा बिघाड तिच्यात दिसत नाही. रात्री आग होऊन झोप लागत नसेल तर डॉक्टरांना सांग. प्रिगॅबालिनसारखी औषधं आहेत, पण त्यांनी गुंगी येते, तेव्हा सुरुवातीला मोटरसायकल लांब ठेव.

पाय रोज रात्री उजेडात बघ, तळवे आरशात. अंघोळीचं पाणी आधी कोपराने अजमाव. गरम पाण्याची पिशवी पायांना अजिबात लावू नकोस, चटका बसलेला कळणार नाही. देवळातही अनवाणी फिरायचं तर तापलेल्या फरशीवर नको.

पाऊल उचलताना लोंबू लागलं, नडगीवर लाल-जांभळे ठिपके उठले, लघवीला फेस येऊ लागला किंवा जखम चिघळली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

सूनबाईंना हे पत्र वाचायला दे. बाहेरून काहीच दिसत नाही, त्यामुळे तू काम टाळतोस असं त्यांना वाटत असेल, तर त्यात त्यांचं चुकत नाही, तू सांगितलंच नाहीस. आणि या आठवड्यात मागे पट्टा असलेली, बोटांना न रुतणारी सँडल घे. बधिर पायातून चप्पल निसटलेली कळत नाही आणि तुमच्या जिन्याला कठडाही नाही.

तुझी,
आत्या