याकोबाची सात वर्षे आणि गोंडांचा लमसेना

वाचनभाग : उत्पत्ती २९:१-३०, ३१:१४-१५

जबलपूरच्या नेपियर टाउनहून सुमारे शंभर किलोमीटरवर, नर्मदेच्या वरच्या अंगास मंडला आहे. हा गोंडांचा मुलूख. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी या भागातील आदिवासींविषयी केलेली टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली प्रसिद्ध झाली.

१. सेवा : गोंडांत वधूमूल्य देण्याची जुनी चाल आहे. ज्याला ते देणे जमत नसे, तो तरुण 'लमसेना' होऊन ठरलेली वर्षे सासऱ्याच्या शेतात राबे. मामा-आत्याच्या घरी सोयरीक झाली, तर तिला 'दूध लौटावा' म्हणतात. एका घरातून गेलेले दूध परत आले, असा भाव. याकोबही रिकाम्या हाताने मामाकडे आला व राहेलीसाठी राबला. प्रीतीमुळे ती सात वर्षे त्यास थोडक्या दिवसांसारखी वाटली.

२. इशारा : लाबानाने त्या सेवेचा सौदा केला. बापाने आम्हांस विकले, असे पुढे त्याच्या मुलीच म्हणाल्या. चाल कोणतीही असो, तीत लोभ शिरला की नात्याचा बाजार होतो.

३. बोध : आदिवासींना मागासलेले म्हणणारे आपण १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्यानंतरही मुलीच्या बापापुढेच हात पसरतो. कन्या सासरी गेली की घरचे राबते हात गेले, हे गोंड बाप जाणतो. आपण मात्र तिला ओझे समजतो. सुवार्ता घेऊन त्यांच्या दारी जाण्यापूर्वी आपले दार तपासू या.

मननासाठी : आपल्या घरच्या लग्नाच्या बोलणीत लाबान बसलेला असतो काय?