पल्ल्याचा आकडा आणि टाकीचे झाकण

ज्या उपकरणाला वर्षानुवर्षे एकाच बॅटरीवर चालायचे असते आणि दिवसभरात मोजके आकडेच कळवायचे असतात, त्याला वाय-फायसारखे सतत जागे राहणारे जाळे परवडत नाही. टाकीतील पाण्याची पातळी, मीटरचे वाचन, नदीची उंची अशा कामांसाठी म्हणूनच अल्पशक्ती बिनतारी जाळ्यांचा स्वतंत्र वर्ग उदयास आला. त्यातून निवड करताना पहिला प्रश्न बहुधा ‘पल्ला किती?’ हा विचारला जातो आणि तिथेच पाऊल चुकते, असे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील अनुभव सांगतो. कारण पल्ल्याचा छापील आकडा मोकळ्या माळावरचा असतो आणि उपकरण मात्र बिडाच्या झाकणाखाली बसते.

या जाळ्यांची ढोबळमानाने तीन कुळे मानता येतात. पहिले जवळच्या पल्ल्याचे, म्हणजे झिगबी व कमी ऊर्जेचे ब्लूटूथ, ती 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, घरापुरती किंवा गाळ्यापुरती ठीक असतात, आणि झिगबीत एकाचा निरोप दुसऱ्याने पुढे पोचवायचा असल्यामुळे मधली उपकरणे विजेच्या जोडणीवर जागी ठेवावी लागतात. दुसरे लोरावॅन, यात उपकरणाचा क्षीण संदेश गेटवे नावाचे केंद्र ऐकते व इंटरनेटवरून पुढे धाडते, आणि हे केंद्र सोसायटी किंवा कारखाना स्वतः बसवू शकतो, कारण भारतात 865 ते 867 मेगाहर्ट्झ हा पट्टा 2005 पासून विनापरवाना वापरासाठी खुला आहे. विनापरवाना म्हणजे निर्बंधमुक्त मात्र नव्हे. प्रक्षेपणशक्तीला मर्यादा आहे आणि उपकरणाला केंद्रीय दूरसंचार विभागाची मान्यता लागते. तिसरे कुळ एनबी-आयओटीचे. 2016 मध्ये प्रमाणित झालेले हे तंत्र मोबाइल कंपनीच्या परवान्याच्या लहरींवर सिमकार्डाद्वारे चालते, म्हणून केंद्र उभारण्याची यातायात वाचते, पण कंपनीने त्या भागात ती सेवा सुरू केलेली असणे हीच त्याची पूर्वअट असते.

तिन्ही शहरे एकाच लोहमार्गावर असली, तरी लहरींच्या दृष्टीने त्यांचा स्वभाव वेगवेगळा आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतून वाढलेले उल्हासनगर कॅम्प 1 ते 5 मध्ये इतके दाटले आहे की काँक्रीटच्या भिंतींमागे भिंती येतात. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडी व लोखंडी टाक्या लहरींना परतवून लावतात. बदलापुरात उल्हास नदीकाठचा सखल भाग, नवे उंच मनोरे आणि बारवी धरणाच्या बाजूचे डोंगर एकमेकांना लागून आहेत. शिवाय 26 जुलै 2005 चा पूर आणि 27 जुलै 2019 रोजी बदलापूर व वांगणीदरम्यान पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस यांनी येथील पाणी किती चढते ते दाखवून दिले आहे.

प्रस्तुत लेखकाचा सहभाग असलेल्या, बदलापुरातील एका गृहसंकुलाच्या प्रयोगात जमिनीखालच्या व गच्चीवरच्या टाक्यांची पातळी मोजण्यासाठी लोरावॅन निवडले गेले, आणि ती निवड पुरवठादाराच्या पत्रकातील ‘दहा किलोमीटर पल्ला, दहा वर्षे बॅटरी’ या दोन आकड्यांवर झाली. चाचणी भर उन्हाळ्यात, टाकीचे झाकण उघडे ठेवून घेतली गेली. गेटवे तळमजल्यावरील मीटरच्या खोलीत बसवला गेला, कारण प्लग आणि इंटरनेटची तार तिथे आधीच होती. अँटेना लोखंडी पेट्यांच्या सोबतीला राहिली. झाकणे बंद होताच गच्चीवरचे निरोप येत राहिले, पण जमिनीखालचे गळू लागले. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक संदेशाची पोच मागण्याची सोय सुरू करण्यात आली आणि दुखणे वाढले. कारण पोच पाठवत असताना गेटवेला दुसरे काही ऐकू येत नाही, आणि पोच न मिळालेले उपकरण तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहते. जमिनीखालच्या उपकरणांची बॅटरी दुसऱ्याच वर्षी संपली. त्याआधीच्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली, तेव्हा पातळी कळण्याची खरी गरज असतानाच गेटवे व इंटरनेट दोन्ही बंद पडले आणि संवेदक अंधारात, ऐकणारे कोणी नसताना, इमानेइतबारे बोलत राहिले.

यात दोष तंत्रज्ञानाचा नव्हता, हे साध्या हिशेबाने कळते. लोरावॅनमध्ये संकेत जितका दुर्बल, तितका तो वेळेत अधिक ताणून पाठवावा लागतो. या ताणाचे माप म्हणजे प्रसरण गुणांक, तो 7 ते 12 असतो आणि प्रत्येक पायरीला प्रक्षेपणाचा काळ सुमारे दुप्पट होतो. बारा बाइटचा संदेश गुणांक 7 वर सुमारे 0.06 सेकंदात जातो, तर 12 वर त्याला जवळजवळ दीड सेकंद लागतो. दर पंधरा मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला 96 संदेश धरले आणि प्रक्षेपणाचा प्रवाह 40 मिलीअँपिअर मानला, तर पहिल्या स्थितीत वर्षाला सुमारे 23 आणि दुसऱ्या स्थितीत सुमारे 580 मिलीअँपिअर-तास खर्ची पडतात. 2400 मिलीअँपिअर-तासांची बॅटरी पहिल्या ठिकाणी स्वतःच्या वयोमानाने जाईल. दुसऱ्या ठिकाणी सुमारे चार वर्षांतच, आणि पोचेच्या फेऱ्या जोडल्या तर त्याहूनही लवकर. बॅटरीचे आयुष्य पत्रकावर नव्हे, तर गेटवेच्या जागेवर ठरते.

यावरून पुढच्यांनी घ्यायचा बोध असा की, चाचणी उपकरणाच्या कायमच्या जागी, झाकण लावून, आणि शक्य झाल्यास टाकीभोवती पाणी साचलेले असताना घ्यावी. गेटवे गच्चीवर, पण वीजरोधकाच्या संरक्षणात बसवावा, आणि त्याला व इंटरनेटच्या जोडणीला काही तास पुरेल असा बॅटरीचा आधार द्यावा. पोच केवळ धोक्याच्या इशाऱ्यासाठी मागावी. जमिनीखालच्या उपकरणाची अँटेना तारेने झाकणाबाहेर काढणे हा महागड्या उपकरणापेक्षा सरस उपाय ठरतो. एका आवारात अनेक टाक्या असतील तर स्वतःचे लोरावॅन सोयीचे. पण उल्हासनगरच्या पाच कॅम्पांत विखुरलेली पाच-दहा मीटरे वाचायची असतील, तर गेटवेंची देखभाल करत बसण्यापेक्षा एनबी-आयओटी बरे, मात्र सेवा आहे की नाही ते त्याच तळघरात सिम घालून पाहावे, नकाशावर विसंबू नये. अंबरनाथच्या एका शेडीतील यंत्रांसाठी लांब पल्ल्याचे जाळे हा भुर्दंड ठरू शकतो. तिथे झिगबीही पुरते.

जाळ्याचा मालक कोण, हाही प्रश्न तितकाच मोलाचा आहे. सिगफॉक्स या फ्रेंच कंपनीचे याच वर्गातील जाळे अनेक देशांत पसरलेले असतानाही जानेवारी 2022 मध्ये तिला न्यायालयीन संरक्षण मागावे लागले आणि त्याच वर्षी ती युनाबिझ या कंपनीकडे गेली; ज्यांची उपकरणे केवळ तिच्याच जाळ्यावर चालत होती, त्यांचे भवितव्य तिच्या ताळेबंदाला बांधलेले होते. त्याउलट स्वतःचा गेटवे असला, तर तो कोण पाहणार, त्याचा पासवर्ड कोणाकडे राहणार आणि समिती बदलल्यावर तो कोणाच्या हाती जाणार, हे कागदावर लिहून ठेवावे लागते.

सारांश, उपकरण कुठे बसणार, वीज गेल्यावर काय होणार आणि बिघडल्यावर कोण येणार, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळाली की उरलेल्या पर्यायांत पल्ला पाहायला फारसे काही शिल्लक राहत नाही. बदलापूरच्या त्या संकुलात शेवटी तंत्रज्ञान बदलावे लागले नाही. गेटवे गच्चीवर गेला, अँटेना झाकणाबाहेर आल्या, आणि जी चाचणी पहिल्या दिवशी व्हायला हवी होती ती दोन वर्षांनी, भर पावसात, झाकण लावून घेण्यात आली.