वर्गमूळ, अपूर्णांक घातांक आणि उत्तराचा पडताळा

जबलपूरमधील नेपियर टाउन या वस्तीतील एखाद्या घराच्या अंगणात ६४ घनफूट पाणी मावेल असा घनाकृती हौद बांधावयाचा आहे, असे समजा. लांबी, रुंदी व खोली सारखीच ठेवावयाची, तर प्रत्येक बाजू ६४ चे घनमूळ, म्हणजे ४ फूट येते; आणि तळाचे क्षेत्रफळ ४ × ४ = १६ चौरस फूट होते. या दोन्ही क्रिया बीजगणितात एकाच घातांकाने दर्शविता येतात : १६ हा ६४ चा २/३ घात होय. छेदातील ३ घनमूळ काढावयास सांगतो, अंशातील २ वर्ग करावयास सांगतो.

ही लेखनपद्धती मनमानी नव्हे. एकाच पायाच्या घातांचा गुणाकार करताना घातांकांची बेरीज होते, हा नियम विद्यार्थ्यांस ठाऊक असतोच. तो अपूर्णांकांसही लावावयाचा, तर धन संख्येच्या १/२ घाताला त्याच घाताने गुणिले असता १/२ + १/२ = १ हा घात, म्हणजे मूळची संख्याच, मिळावयास हवी. म्हणून १/२ घात म्हणजे वर्गमूळ. याच नियमाने ५ चा १/२ घात व ५ चा ३/२ घात यांचा गुणाकार ५ चा वर्ग, म्हणजे २५ होतो. धन संख्येस धन व ऋण अशी दोन वर्गमुळे असली, तरी √ या चिन्हाने नेहमी धन वर्गमूळच समजावयाचे असा संकेत आहे.

अज्ञात संख्या वर्गमूळाच्या चिन्हाखाली असली, म्हणजे हा संकेत विशेष महत्त्वाचा ठरतो. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचिलेल्या ‘लीलावती’त याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. हंसांच्या थव्यातील संख्येच्या वर्गमूळाच्या साडेतीनपट हंस तीरावर गेले व दोन पाण्यातच राहिले. तर थवा केवढा? एकूण हंस क्ष मानल्यास

(७/२)√क्ष = क्ष − २

असे समीकरण मिळते. दोन्ही बाजूंचा वर्ग करून छेद काढून टाकल्यास

४क्ष² − ६५क्ष + १६ = ०,
म्हणजेच (४क्ष − १)(क्ष − १६) = ०.

म्हणून क्ष = १६ किंवा क्ष = १/४.

आता दोन्ही उत्तरे मूळ समीकरणात घालून पाहू. क्ष = १६ असता डावी बाजू १४ व उजवी बाजूही १४ येते. क्ष = १/४ असता मात्र डावी बाजू ७/४ व उजवी बाजू −७/४ येते. पाव हंस असू शकत नाही, एवढ्याचसाठी हे उत्तर त्याज्य नाही. ते मूळ समीकरणच पाळीत नाही. मग ते आले कोठून? ७/४ आणि −७/४ या दोहोंचा वर्ग ४९/१६ हाच आहे. वर्ग करताना धन-ऋण हा भेद पुसला जातो आणि खऱ्या उत्तराबरोबर खोटेही आत शिरते. खरे उत्तर वर्ग केल्याने कधी हरवत नाही. परंतु मिळालेले प्रत्येक उत्तर खरे असेलच असे नाही. यास्तव पडताळा हा उत्तराचा आवश्यक भाग आहे.

वाचकांनी √(क्ष + ६) = क्ष हे समीकरण याच रीतीने सोडवून पाहावे. उत्तरे दोन येतील. पडताळ्यात टिकेल ते एकच.