बापाच्या थडग्यापाशीं
(शब्बाथशाळा व खेड्यांतील उपासना यांकरितां पाठ)

शास्त्रवाचन : उत्पत्ति 25:7-10, 35:27-29, 50:12-21.
पाठ करण्याचें वचन : इफिसकरांस पत्र 4:32.



सेलू स्टेशनावर उतरून दुधनेच्या काठच्या खेड्यांकडे जाणाऱ्या उपदेशकास एक देखावा पुष्कळदां पाहावा लागतो. घरांतील वडील माणूस वारलेला असतो. अंगणांत सोयरेधायरे बसलेले असतात. आणि एकाच आईच्या पोटचे दोन भाऊ अंगणाच्या दोन टोकांस, एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात. एकाच्या मनांत बांधाचा वाद आहे, दुसऱ्याच्या मनांत विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा. लेक परगांवाहून धांवत आली आहे. पण तिच्याहि मनांत धास्ती आहे कीं, माती झाल्यावर आपल्यापुढें कोणता कागद सहीसाठीं येईल! बापाला माती देण्यापुरते हे एकत्र आले. ती दिल्यावर ते कायमचे वेगळे होणार कीं काय?

पुष्कळ लोक म्हणतात, दुःखानें माणसें जवळ येतात. अनुभव असा आहे कीं, दुःखानें माणसें जवळ येतात किंवा कायमचीं दूर जातात. आपल्याकडील काळ्या जमिनीचें उदाहरण घ्या. पाऊस पडून वाफसा आला म्हणजे तिच्यांत पाहिजे तें पेरतां येतें. ती वेळ दवडली तर तीच जमीन वाळते व तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शोकाचे दिवस हे मनाचा वाफसा होत. त्या दिवसांत काय पेरावें, हें आज आपणांस उत्पत्तीच्या पुस्तकांतील तीन थडग्यांपाशीं शिकावयाचें आहे.

1. अब्राहामाचें थडगें

अब्राहाम वारला तेव्हां त्याला मकपेलाच्या गुहेंत कोणीं पुरलें? शास्त्रांत दोघांचीं नांवें आहेत : इसहाक व इश्माएल. हें वाचून आपण थांबलें पाहिजे. इश्माएल हा तोच मुलगा, ज्याला त्याच्या आईसह थोडी भाकर व पाण्याची एक पखाल देऊन घराबाहेर घालविलें होतें (उत्पत्ति 21:14). पाणी संपलें, तेव्हां आईनें त्याला एका झुडपाखालीं टाकिलें व मरण पाहवेना म्हणून ती दूर जाऊन बसली. त्या दिवसाचें दुःख इश्माएल विसरला असेल काय? ज्या बापानें आपल्याला रानांत पाठविलें त्याच्या मातीला आपण कशास जावें, असें त्यानें म्हटलें असतें तर जगानें त्याला दोष दिला नसता. तरी तो आला. आणि सर्व मालमत्ता ज्याला मिळाली होती, त्या इसहाकानें त्याला आडवें केलें नाहीं. दोघे काय बोलले, कोण आधीं रडला, हें शास्त्र सांगत नाहीं. दोघांनीं मिळून बापाला पुरलें, एवढेंच सांगतें. कित्येकदां क्षमेचा आरंभ शब्दानें होत नाहीं, पावलानें होतो.

2. इसहाकाचें थडगें

पुढें इसहाकाचे पुत्र, एसाव व याकोब. याकोबानें कपटानें भावाचा आशीर्वाद घेतला, तेव्हां एसावानें मनांत काय ठरविलें तें उत्पत्ति 27:41 ह्यांत वाचा. बापाच्या सुतकाचे दिवस जवळ आले आहेत, ते आले म्हणजे मी याकोबाला ठार मारीन, असा त्याचा बेत होता. बंधूंनो, सूड घेण्यासाठीं त्यानें शोकाचाच मुहूर्त धरला होता! आपणांतहि असे लोक आहेत. ते म्हणतात, म्हातारा आहे तोंवर गप्प बसतों; त्याचे डोळे मिटूं द्या, मग दाखवितों.

परंतु इसहाक वारला तेव्हां काय घडलें? एसाव व याकोब ह्या दोघांनीं मिळून त्याला पुरलें. मधल्या काळांत एक गोष्ट झाली होती. याकोब परदेशांतून परत येतांना भावापुढें सात वेळां भूमीपर्यंत लवला. आणि एसाव धांवत जाऊन त्याच्या गळ्यांत पडला, व दोघे रडले (उत्पत्ति 33:3-4). अपराध ज्याचा, तो लवला. अन्याय ज्यावर झाला, तो धांवला. हें बाप जिवंत असतांनाच झालें, म्हणून सुतकाचे दिवस आले तेव्हां त्यांत रक्त सांडलें नाहीं. ज्यांचे आईबाप अद्याप हयात आहेत त्यांनीं हें विशेषतः ध्यानांत घ्यावें. समेट थडग्यापर्यंत लांबविण्याचें कारण नाहीं.

3. याकोबाचें थडगें

तिसरी गोष्ट सर्वांत खोल आहे. योसेफाच्या भावांनीं त्याला वीस रुप्यांस विकलें व त्याचा झगा रक्तांत बुडवून बापापुढें ठेविला. पुढें योसेफानें त्यांना क्षमा केली, त्यांना मिसर देशांत आणिलें व पोसलें. त्यानंतर याकोब मिसरांत सतरा वर्षें जगला (उत्पत्ति 47:28). सतरा वर्षें भाऊ योसेफाची भाकर खात होते. आणि तरी बापाला कनान देशांत पुरून परत येतांच ते भिऊन म्हणाले कीं, आतां योसेफ आपला द्वेष करील व जुन्या अपराधाचें उट्टें काढील. क्षमा मिळाली होती, पण त्यांनीं ती मनांत घेतली नव्हती. बापाच्या आड ते लपून राहिले होते, आणि आतां तो आडोसा गेला.

त्यांचा निरोप ऐकून योसेफ रडला. त्याला राग आला असें शास्त्र म्हणत नाहीं. बापासाठीं तो रडलाच होता. आतां तो भावांसाठीं रडला, कारण इतक्या वर्षांनींहि त्यांनीं त्याचें मन ओळखलें नाहीं. मग त्याचें उत्तर पाहा. पहिलें, मी कांहीं देवाच्या ठिकाणीं नाहीं, असें तो म्हणाला. म्हणजे न्याय करण्याचें आसन त्यानें देवासाठीं मोकळें सोडलें. दुसरें, तुम्हीं जें केलें तें वाईट होतें, हें त्यानें झांकून ठेविलें नाहीं. परंतु त्याच वाईटांतून देवानें पुष्कळांचा जीव वांचविला, असें सांगितलें. तिसरें, तुमचें व तुमच्या मुलाबाळांचें पोषण मी करीन, असें वचन दिलें. शोक, क्षमा व प्रीति हीं तिन्ही येथें एकाच ठिकाणीं भेटतात. डोळ्यांत शोक आहे, जिभेवर क्षमा आहे, आणि हातांत धान्य आहे. ज्या क्षमेच्या हातांत धान्य नाहीं, ती अद्याप अपुरी आहे.

क्षमा म्हणजे अन्यायावर पांघरूण नव्हे

येथें एका गैरसमजाविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. क्षमेचें नांव घेऊन दुबळ्याचा वांटा गिळणें हें पाप आहे. पुष्कळ ठिकाणीं बहिणीला सांगतात, तूं ख्रिस्ती आहेस ना, मग भावाला क्षमा कर व हक्कसोडपत्रावर सही दे. वास्तविक 1925 च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणें ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करतां वारला, तर त्याच्या मिळकतीचा एक तृतीयांश भाग त्याच्या विधवेस मिळतो, व उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांत, मुलगा व मुलगी असा भेद न करतां, सारखे वांटले जातात. बहिणीनें आपल्या खुषीनें वांटा सोडला तर ती तिची देणगी आहे. तिच्या अश्रूंचा फायदा घेऊन तो लिहून घेतला, तर ती लूट आहे. फेरफाराची नोंद करावयाचीच आहे. ती घाई न करितां, सर्वांच्या समक्ष व सर्वांचीं नांवें लावून करावी. ज्यानें अपराध केला त्यानें योसेफाच्या भावांप्रमाणें तो कबूल करावा. ज्यावर अन्याय झाला त्यानें सूड सोडावा. परंतु सत्य सोडूं नये.

ज्यांना खांदा मिळाला नाहीं

आतां आपल्याच महाराष्ट्रांतील एक उदाहरण घेऊं. पंडिता रमाबाई यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. 1870 ते 1880 ह्या दशकांतील दुष्काळांत रमाबाईंचे वडील, आई व बहीण हीं थोड्याच काळांत एकामागून एक अन्नावांचून वारलीं. आपल्या आठवणींत त्यांनीं सांगितलें आहे कीं, आईचें प्रेत स्मशानांत नेण्यास प्रथम कोणी पुढें येईना. शेवटीं दोघांस दया आली. त्यांच्यासह भाऊ व स्वतः रमाबाई यांनीं तिरडी उचलली, आणि उंची कमी असल्यामुळें रमाबाईंस ती डोक्यावर घ्यावी लागली. पुढें 1880 सालीं भाऊ गेला आणि 1882 सालीं पति गेले.

असें दुःख सोसलेल्या बाईनें जगाकडे पाठ फिरविली असती तर कोण तिला नांवें ठेवतें? परंतु ख्रिस्ताची ओळख झाल्यावर त्यांच्या दुःखाला दुसरीच वाट मिळाली. 1896-97 सालीं मध्य प्रांतांत दुष्काळ पडला तेव्हां त्या तेथें गेल्या व उपाशी मुली आणि बालविधवा यांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठीं केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. भूक काय असते हें त्यांना ठाऊक होतें, म्हणून भुकेल्यांची हांक त्यांना ऐकूं आली. 1921 सालीं त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तेव्हांहि त्यांनीं पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचें आपलें काम टाकिलें नाहीं. तें पुरें करून 5 एप्रिल 1922 रोजीं त्या प्रभूकडे गेल्या. ज्यांच्या आईला खांदा मिळत नव्हता, त्यांनीं शेंकडों अनाथांना खांदा दिला. जें आपल्याला मिळालें नाहीं तेंच दुसऱ्याला देणें, ही दुःखाची ख्रिस्ती फेड होय.

उपदेशकांस दोन शब्द

शोकाच्या घरीं जातांना ईयोबाचे मित्र आठवावे. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसले, तोंवर त्यांनीं चांगलें केलें. बोलूं लागले आणि चुकले. कर्जाच्या व नापिकीच्या ओझ्याखालीं एखाद्या शेतकऱ्यानें आपला जीव दिला, अशा घरीं तर अधिकच जपावें. तो कोठें गेला, दोष कोणाचा, बायकोनें लक्ष कां दिलें नाहीं, असले प्रश्न ओठांवर येऊं देऊं नयेत. आपला प्रभु लाजाराला उठविणार होता. तरी आधीं तो रडला (योहान 11:35). पुनरुत्थानाची आशा आहे म्हणून अश्रु निषिद्ध नाहींत. आशाहीनांसारखें रडूं नये, इतकेंच शास्त्राचें म्हणणें आहे (1 थेस्सलनीकाकरांस पत्र 4:13). आणि ज्या घराशीं आपलेंच बोलणें बंद आहे, त्या घरीं आपण आधीं जावें. मातीला जाऊन आलों, झालें, असें म्हणूं नये. पंधरा दिवसांनीं, पेरणीच्या वेळीं, विधवेच्या शेतावर कोणाचें औत जातें, हें पाहावें. तेथें प्रीतीची परीक्षा होते.

वर्गांत विचारण्याचे प्रश्न

1. इश्माएल बापाच्या मातीला आला नसता, तर पुढच्या पिढ्यांचें काय नुकसान झालें असतें?
2. एसाव व याकोब यांच्यांत कोण आधीं लवला व कोण धांवला? आपल्या वादांत आपण कोणाच्या जागीं आहों?
3. सतरा वर्षें भाकर खाऊनहि योसेफाच्या भावांना भीति कां वाटली? आपल्याला देवाची क्षमा मिळूनहि आपण त्याला भितों काय?
4. आपल्या मंडळींत ज्यांच्या घरीं ह्या वर्षीं मृत्यु झाला, त्यांच्याकडे आपण शेवटचे केव्हां गेलों?

प्रार्थना

हे देवबापा, तूं आपल्या पुत्राचें मरण पाहिलें आहेस, म्हणून आमचा शोक तुला ठाऊक आहे. आमचीं मनें ओलीं आहेत तोंवर त्यांत क्षमा पेर. जो भाऊ आमच्याकडे पाठ करून बसला आहे, त्याच्याकडे जाण्यास आमच्या पायांना बळ दे. आणि आमच्या हातांत त्याच्यासाठीं धान्य दे. येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.