आड, पोहरा आणि जोखीम

'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?' ही म्हण मराठी भाषक नाना प्रसंगी लाक्षणिक अर्थाने वापरतो. तिचा वाच्यार्थ घेतला, तर तीत पाणीटंचाईची एक उपपत्ती आढळते : उगमाशी पाणी नाही, म्हणून ते हाती येत नाही. अवर्षणाशी परिचित असलेल्या प्रदेशास ही उपपत्ती पुरेशी वाटावी, हे स्वाभाविक होय. तथापि दिल्लीचा अलीकडील अनुभव तिची मर्यादा दाखवितो.

फेब्रुवारी २०१६ मध्ये हरियाणातील आंदोलनाच्या काळात मूनक कालव्याची मोडतोड झाली. यमुना आटली नव्हती. तरीही राजधानीचे नळ कोरडे पडले, शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि कालवा सैन्याने ताब्यात घेतला. पुढे १३ जुलै २०२३ रोजी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरपर्यंत चढली व १९७८ चा २०७.४९ मीटरांचा उच्चांक मागे पडला. त्या वेळी वझिराबाद, चंद्रावल व ओखला येथील जलशुद्धीकरण केंद्रे बंद करावी लागली. पूर दाराशी आणि घागर रिकामी, असा हा विपर्यास होता. आडात होते, पोहऱ्यात आले नाही.

जोखीम-विश्लेषण नेमका येथेच उपयोगी पडते. ते उपलब्ध पाण्याच्या बेरजेवर थांबत नाही. तीन प्रश्न पृथक्पणे विचारते. कोणते संकट किती संभवते? त्याच्या कक्षेत कोण व काय येते? आणि आघात सोसण्याचे सामर्थ्य कोणापाशी किती आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे जलशास्त्र व अभियांत्रिकी बव्हंशी देऊ शकतात. तिसरा प्रश्न समाजरचनेचा आहे. एकच कालवा तुटला, तरी घरात साठवणटाकी असलेले कुटुंब आणि टँकरच्या रांगेत उभे असलेले कुटुंब यांची हानी समान नसते. दरडोई सरासरी हा भेद झाकून टाकते.

महाराष्ट्रास हा भेद नवा नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्यावर गेले, तेव्हा ते पाणी पिणे हाच सत्याग्रह ठरला. तळे भरलेले होते. ओंजळीस मज्जाव होता.

साहित्याच्या अभ्यासकाने यातून काय घ्यावे? साहित्यकृती पुराची संभाव्यता सांगू शकत नाही; तशी अपेक्षा करणे अशास्त्रीय ठरेल. परंतु पाणी कोण आणते, कोणास थांबावे लागते, कोणास नाकारले जाते, याची साक्ष आत्मकथने व लोकगीते देतात. ती साक्ष तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात पुरावा म्हणून धरली पाहिजे. मराठीत जोखीम 'अंगावर घ्यावी' लागते. त्या प्रयोगात धोक्याबरोबर जबाबदारीही सूचित होते. म्हणून आडाची खोली मोजून झाल्यावर, पोहरा कोणाच्या हाती आहे, हेही विचारणे प्राप्त आहे.