डोळ्यांचे आजार : कोणता थांबतो, कोणता थांबत नाही

डोळ्यांविषयी आपल्याकडे दोन समजुती पक्क्या आहेत. एक, म्हातारपणी दिसेनासे व्हायचेच. दुसरी, डोळा दुखला तर दोन-चार दिवस वाट पाहावी, आपोआप बरा होतो. पहिल्या समजुतीमुळे बरी होऊ शकणारी माणसे आंधळी राहतात. दुसरीमुळे धडधाकट डोळे जातात. बोदवड परिसरात कपाशी, ज्वारी, मका यांच्या कामावर पोट भरणारी कुटुंबे बहुसंख्य आहेत. म्हणून दुसऱ्या समजुतीबद्दल आम्ही येथे अधिक लिहीत आहोत.

प्रथम मोतीबिंदू. डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होते, त्याला मोतीबिंदू म्हणतात. तो थेंबांनी विरघळत नाही; ऑपरेशन हाच उपाय. पूर्वी गढूळ भिंग काढून टाकीत आणि रुग्णाला जाड भिंगाचा चष्मा देत. १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले. लढाऊ विमानांच्या काचेसारख्या प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत रुतूनही डोळा ते सहन करतो, हे त्यांनी पाहिले होते. आज हे भिंग सर्वत्र बसवितात. आपल्या महाराष्ट्रात लातूर जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेले डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि आनंदवनासारख्या ठिकाणच्या शिबिरांत गोरगरिबांची अशी ऑपरेशने केली. त्यांना २००८ साली पद्मश्री मिळाली. “पिकू द्या, मग काढू” हा जुना सल्ला मात्र आता सोडावा. कामात अडथळा येऊ लागला की ऑपरेशन करून घ्यावे. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून ते सरकारी रुग्णालयात मोफत होते. तरीही बहुतेक मोतीबिंदू महिना-दोन महिने थांबू शकतो. सुगी आटोपून गेले तरी सहसा नुकसान होत नाही.

बुबुळाची जखम मात्र थांबत नाही. पऱ्हाटी उपटताना काडी लागते, ज्वारीचे पान डोळ्यावर ओढले जाते, मळणीयंत्रातून कुसळ उडते. ओरखडा दिसतही नाही इतका लहान असतो. पण पाल्यापाचोळ्यावरची बुरशी त्यातून आत शिरते आणि काही दिवसांत बुबुळावर पांढरा ठिपका उमटतो. डोळा लाल होतो, पाणी गळते, उजेड सहन होत नाही. मजूर बाई विचार करते की आज दवाखान्यात गेले तर रोज बुडेल. हा विचार खोटा नाही, म्हणूनच तो घातक आहे. चार दिवसांचा रोज वाचतो आणि आयुष्यभराचा डोळा जातो. जखम भरली तरी त्या जागी फूल पडते; ते मधोमध असेल तर समोरचे दिसत नाही.

या काळात घरोघरी जे उपाय होतात ते आम्हाला आजारापेक्षा जास्त भयंकर वाटतात. कोणी जिभेने कचरा काढतो, कोणी मध घालतो, कोणी अंगावरचे दूध. त्याहून वाईट म्हणजे दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब. त्याने लाली उतरते, बरे वाटते आणि आत बुरशी मोकाट वाढते. म्हणून स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, चोळू नये आणि दुखणे राहिले तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जावे. बोदवडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवून गरज पडल्यास भुसावळ किंवा जळगाव गाठावे. नेत्रतज्ज्ञ डोळ्यात रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात पाहतात, तेव्हा जखम हिरवी चमकते. मग ती अलगद खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, कारण बुरशीचे औषध वेगळे आणि जिवाणूंचे वेगळे. हे दुकानदाराला नुसते पाहून कळणे शक्य नाही.

काचबिंदू तर बहुधा दुखतही नाही. डोळ्यातील दाब वाढून नजरेची कड हळूहळू खाल्ली जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. चाळिशीचा चष्मा घ्यायला जाल तेव्हा दाब मोजून घ्या, विशेषतः घरात कोणाला काचबिंदू असेल तर. मधुमेहींनी वर्षातून एकदा पडदा तपासावा. त्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. काही तास अंधुक दिसते, तेव्हा एकट्याने मोटारसायकलवर जाऊ नये.

विद्यार्थी मित्रांनो, फळ्यावरचे दिसत नसेल तर शिक्षकांना सांगा. चष्म्याची लाज वाटते म्हणून मागचे बाकडे धरणारी मुले आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांचे गुणही. लहान मुलाचा डोळा तिरळा असेल तर “मोठेपणी सुधारेल” म्हणू नये. सात-आठ वर्षांनंतर त्या डोळ्याला पाहायला शिकविणे अवघड होते.

ज्यांच्या बुबुळावर फूल पडले त्यांना एकच मार्ग उरतो, तो म्हणजे दुसऱ्याने मरणोत्तर दिलेले बुबुळ. श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्वा यांनी गेल्या शतकाच्या साठच्या दशकात नेत्रदानाची चळवळ उभी केली. तेथील बौद्ध जनतेने दानपारमितेच्या भावनेने ती इतकी उचलून धरली की त्या लहानशा देशातून परदेशांतही बुबुळे जाऊ लागली. आपल्याकडे २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा असतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवावे. तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी. चष्मा असणाऱ्यांचे आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्यांचे डोळेही चालतात.